वाचकांचे प्रश्न : दोन इंचाचा आणला, आता सव्वा फूट झालाय

या वेळच्या पत्रांत माशांचेच प्रश्न जास्त आहेत, त्यातही मिशावाल्यांचे, म्हणजे कॅटफिशचे. पहिलं पत्र जरा मोठं आहे आणि त्याचं उत्तर त्याहून मोठं झालंय, पण त्यातच बाकीच्यांची निम्मी उत्तरं येतात म्हणून तसंच ठेवलंय.

प्रश्न : दादा नमस्कार, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका दुकानातनं रेड टेल कॅटफिशचं पिल्लू आणलं, दोन इंचाचं होतं, लई भारी दिसत होतं. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दुकानदार म्हणालेला की टाकी जेवढी तेवढाच मासा वाढतोय, काळजी करू नकोस. आता तो सव्वा फूट झालाय. सोबत एक ऑस्कर मासा आणि दोन पॅरट मासे होते, पॅरट गायब झालेत, ऑस्कर कोपऱ्यात बसून असतोय. केवढी टाकी घेऊ? टेरेसवर सिमेंटची बांधली तर चालंल का? आई म्हणती रंकाळ्यात सोडून ये, आजोबा म्हणत्यात कालवण करू.

उत्तर : भावा, पॅरट कुठं गेले ते तुलाही माहितीये, फक्त कुणीतरी छापून सांगावं एवढंच राहिलंय. हा मासा पाठलाग करून शिकार करत नाही. रात्री लाईट बंद झाली की तळाशी हळूहळू सरकत येतो, मिशा पुढं करून अंदाज घेतो आणि मग एकदम तोंड उघडतो. तोंड उघडताना आतल्या आत एवढी पोकळी होते की समोरचं पाणी माशासकट आत ओढलं जातं. चावाचावी नाही, रक्त नाही, सकाळी बघावं तर पोट एका बाजूला फुगलेलं आणि गडी तळाला गप पडून. नागाळा पार्कात एका ओळखीच्यांकडं मी हे समोर बघितलंय, त्यांनी सुरमईच्या तुकड्यासाठी हात पाण्यात घातला आणि आवाज आला तो काचेला थाप मारल्यासारखा, तुकडा कधी गेला ते कळलंच नाही. ऑस्कर कोपऱ्यात बसतोय कारण त्याला पुढचा नंबर कुणाचा ते कळलंय. त्याला आजच्या आज दुसरीकडं हलव.

आता दुकानदाराच्या बोलण्याबद्दल. टाकीएवढाच मासा वाढतो हे वाक्य आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि ते खोटं आहे. टाकी बघून मासा थांबत नाही. लहान टाकीत घाण साठते, त्यानं वाढ खुंटते, कणा वाकतो, आणि आतून खराब होऊन तो वेळेआधी मरतो, आणि आपण म्हणतो बघा, लहानच राहिला.

रेड टेल हा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला मासा. शास्त्रीय नाव फ्रॅक्टोसेफॅलस हेमिओलिओप्टेरस, नावात जेवढा मोठा तेवढाच अंगानंही. वर काळपट, कडेनं पांढरा पट्टा, शेपूट लालभडक, तोंडाला सहा मिशा. पूर्ण वाढ झाली की चार फूट आणि त्याच्याही वर जातो. गळाला लागलेल्यांत जागतिक विक्रम ब्राझीलमधल्या 2010 सालच्या माशाचा आहे, वजन 56 किलो, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा सहा किलो जास्त. तुझ्या टाकीत तेवढा होणार नाही हे खरं, पण तीन फूट सहज होतो, आणि खायला नीट मिळालं तर वर्ष-दीड वर्षात दोन फुटावर जातो. नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे तुझं शिक्षण, नोकरी, लग्न आणि पोरगं शाळेत जाईपर्यंत हा टाकीत असणार, आणि तू पुण्याला नोकरीला गेलास की त्याचं सगळं आईकडं.

टाकी केवढी, तर आधी लांबी बघू नको, रुंदी बघ. सगळे लांबीच विचारतात. तुझी टाकी दीड फूट रुंद आहे आणि मासा सव्वा फूट, म्हणजे अजून थोड्या दिवसांनी त्याला सरळ वळताच येणार नाही, शेपूट वाकडी करून काचेला घासत वळावं लागंल. टाकीची रुंदी माशाच्या लांबीपेक्षा जास्त पाहिजे, दीडपट असली तर बरं. म्हणजे मोठ्या झालेल्या रेड टेलसाठी निदान 12 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 4 फूट पाणी. 288 घनफूट झाले, एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे आठ हजार लिटरच्या वर. आठ टन. भिंतींचं वजन वेगळं.

आणि हे तू टेरेसवर ठेवायचं म्हणतोयस! इंजिनिअरिंगला आहेस तर गणित तूच कर. राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब आपल्याकडच्या मानकाप्रमाणं चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून करतात, टेरेसला त्याहून कमीच. चार फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला 1200 किलो, सहापट, आणि तेही कायमचं, चोवीस तास. खाली घरची माणसं झोपणार. स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता असलं काही करू नको, आणि विचारलंस तर तो काय सांगणार ते मी आत्ताच सांगतो. टेरेसची दुसरी अडचण ऊन. मार्च-एप्रिलमध्ये वरचं पाणी किती तापतं ते आंघोळीच्या नळाला हात लावून बघ. या माशाला बावीस ते अठ्ठावीस डिग्री मानवतं, त्यात रोज चढउतार नको.

टाकी जमिनीवर, शेडखाली, शेतघराशेजारी असली तर गोष्ट वेगळी. तिथं विटांचा हौद बांधून वॉटरप्रूफिंग करून घेता येतं, नवीन सिमेंट असलं तर दोन-तीनदा पाणी भरून ओतून टाकायचं, नाहीतर पाण्याचा पीएच भलताच चढतो. हौदातलं बदललेलं पाणी उसाला सोडता येतं, त्यात नायट्रेट असतं, ऊस काही तक्रार करत नाही. आठ हजार लिटरमधलं आठवड्याला तिसरा हिस्सा जरी बदललं तरी अडीच हजार लिटरच्या वर जातंय, हे शहरात नळाच्या पाण्यावर करून बघ, उन्हाळ्यात शेजारी बोलायचं बंद होतील. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढायला अँटीक्लोर टाकायलाच लागतं. फिल्टर म्हणशील तर दुकानातला टांगायचा फिल्टर इथं शोभेला. असल्या माशाला मोठा संप, म्हणजे पाणी गाळायची वेगळी टाकी लागते, त्यात घाण संपवणारे जिवाणू बसायला भरपूर मीडिया, म्हणजे स्पंज-खडे असलं काही, आणि पाणी सतत फिरवणारी दमदार मोटर. एवढं खाणारा मासा तेवढीच घाण करतो, तिच्यातनं अमोनिया तयार होतो आणि अमोनिया मासा मारतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आले पाहिजेत, पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ आहे हा पुरावा नव्हे.

सध्याच्या टाकीत लगेच करायची कामं सांगतो. तळाचे खडे सगळे काढ, तळ मोकळा ठेव. रेड टेल खडे, हिटर, थर्मामीटर, सक्शनचे रबर, जे तोंडात मावेल ते गिळतो. कधी कधी परत ओकून टाकतो, कधी आत अडकतं आणि मग काही उपाय राहत नाही. हिटर काचेचा असेल तर संपमध्ये टाक, नाहीतर त्याला जाळीचं कव्हर घाल. झाकण जड ठेव. धरायची वेळ आली तर जाळीनं धरू नको, कल्ल्याशेजारच्या पंखाचा काटा जाळीत अडकतो आणि मासाही जखमी होतो, तूही. मोठा टब पाण्यात बुडवून त्यात ढकलायचा आणि पाण्यासकट उचलायचा, दोघं लागतात.

आता आईचं म्हणणं. आईला माझा नमस्कार सांग आणि रंकाळ्यात सोडायचं नाही हेही सांग. कोटितीर्थात नाही, पंचगंगेत नाही, गावाकडच्या विहिरीत पण नाही. ह्यात दयामाया काही नाही. थंडीत तो टिकला नाही तर हाल होऊन मरणार, आणि टिकला तर आपल्या माशांचे हाल. पंचगंगेत सोडलेलं काहीही नृसिंहवाडीला कृष्णेत जातं आणि तिथनं खाली कर्नाटकात, परत बोलवायची सोय नाही. हे मी घाबरवायला सांगत नाही. टाकीतली काच साफ करायला आपण जो सकर आणतो तो असाच कुणीतरी कंटाळून सोडलेला, आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतोय आणि त्याच्या खरखरीत काटेरी अंगानं जाळी फाटतायत, खायला कुणी घेत नाही. आफ्रिकन मांगूरवर तर केंद्रानं 2000 सालीच बंदी घातली, तरी तो अजून पाण्यातनं गेलेला नाही.

आणि सोडायलाच पाहिजे असंही नाही, आपल्या गावात पाणी स्वतः घरी येऊन घेऊन जातं. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै आठव. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, दोन्ही वेळेला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर, तळमजल्यावरच्या टाक्यांचं काय झालं असंल ते सांगायला नको. केरळात 2018 च्या पुरानंतर नद्यांमध्ये अॅरापायमा नावाचे भलेमोठे मासे सापडले, तेही अॅमेझॉनचेच, कुणाच्या तरी तळ्यातनं वाहून आलेले. राजारामपुरीत तुझ्याकडं पुराचं पाणी येत नाही, पण ज्याला मासा देशील त्याचा हौद पूररेषेच्या आत आहे का हे विचारूनच दे.

हो, देण्याबद्दलच बोलतोय. तुझ्याकडं शेतावर जागा नसंल तर आत्ताच, सव्वा फुटाचा असतानाच दे. दोन-अडीच फुटाचा झाला की कुणी घेत नाही, फुकट पण नाही. ज्या दुकानातनं घेतला तिथं आधी विचार, काही दुकानदार परत घेतात. मोठे मासे पाळणाऱ्यांचे ग्रुप असतात, तिथं टाक, पण घेणाऱ्याची टाकी डोळ्यांनी बघितल्याशिवाय देऊ नको, नाहीतर त्याच्याकडं पण चार फुटीच निघायची. सरकारी मत्स्यालयांच्या भरवशावर राहू नको, त्यांच्याकडं असले नकोसे झालेले मासे सांभाळायला जागा नसते. आणि कुठंच सोय झाली नाही, मासा आजारी, वाकडा झाला, तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून लवंगतेलाच्या भुलीत त्याला शांतपणे घालवणं हे रंकाळ्यात सोडण्यापेक्षा कितीतरी बरं. लिहायला बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

आजोबांना सांग, रेड टेल खातात, अॅमेझॉनकडं खातात, पण टाकीतला नको. आपण त्यात मॅलाकाईट ग्रीन, मिथिलीन ब्लू, काय काय ओततो, ती औषधं खायच्या माशासाठी नसतात. कालवणाला लक्ष्मीपुरीतनं मरळ आणा.

प्रश्न : मी इचलकरंजीची. मुलासाठी दुकानातून दोन ‘शार्क’ आणले, चंदेरी रंगाचे. कुणी जवळ गेलं की वेड्यासारखे काचेवर आपटतात, नाकाला जखमा झाल्यात. शार्क आहेत म्हणून चिडके असतात का?

उत्तर : ताई, ते शार्क नाहीत आणि चिडके तर अजिबात नाहीत, भित्रे आहेत. तो पंगास, मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांचा कॅटफिश, पाठीवरचा पंख बघून दुकानवाले शार्क म्हणून खपवतात. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो फिलेट मिळतो तो बहुतेक वेळा हाच. थव्यानं राहणारा, लांब पल्ल्यानं पोहणारा मासा, हाही चार फुटांपर्यंत जातो. दोनच ठेवले आणि घर छोटं, की सावली हलली तरी बिथरतो. तीन बाजूंनी काचेला गडद कागद लावा, लाईट एकदम चालू-बंद करू नका, मुलाला काचेवर टकटक करू देऊ नका, जखमा स्वच्छ पाण्यात भरून येतात. पण हा तात्पुरता इलाज, घरच्या टाकीतला हा मासाच नाही, आत्ताच परत करता आला तर करा. ह्याचाच सख्खा भाऊ मेकाँगचा जायंट कॅटफिश, थायलंडमध्ये 2005 साली 293 किलोचा सापडला होता, आणि एवढं धूड मोठेपणी दात नसलेलं, शेवाळ-बिवाळ खाणारं. मुलाला हे सांगा, शार्कपेक्षा भारी वाटंल.

प्रश्न : शिरोळ तालुक्यातून लिहितोय. आमचे मामा कृष्णेत जाळं टाकतात. परदेशी मासा नको म्हणताय तर आपला नदीतला वालागो किंवा गूंच आणून टाकीत ठेवला तर? पूर आला तरी नदीतला नदीत जाईल.

उत्तर : पुराचं लॉजिक बरोबर आहे, बाकी जमत नाही. गूंच म्हणजे बॅगेरियस हा जोराच्या धारेत, दगडांना पोट चिकटवून पडून राहणारा मासा, त्याला थंड आणि ऑक्सिजननं भरलेलं वाहतं पाणी पाहिजे. टाकीत मोटर कितीही लावली तरी नदीची धार येत नाही, उन्हाळ्यात पाणी तापलं आणि लाईट गेली की तासाभरात धापा टाकतो. वालागो त्याच्या उलट, शांत पाण्यात चालतो, पण तोंड डोळ्यांच्याही मागंपर्यंत फाटलेलं, दात बारीक आणि भरपूर, रात्री बिथरला की झाकणावर डोकं आपटून घेतो, आणि लांबीला मीटरभर सहज. शिवाय तो धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत आता असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे, जाळ्यात छोटा आला तर मामांना परत सोडायला सांगा. एवढीच हौस असंल तर मामांकडनं चार-पाच लहान शिंगट्या घ्या, आपल्या नदीतल्या वितीएवढ्याच. चार फुटी टाकीत दगडांच्या कपारी करून द्या, संध्याकाळी बाहेर येऊन मिशा फिरवत हिंडतात, बघत बसावं असं असतंय. नदीतनं आणलेला मासा आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, अंगावर उवा-जंत घेऊन येतो. आणि काट्याला जपा, तो टोचल्यावर काय होतं ते मामांना विचारा.

प्रश्न : गडहिंग्लज. माझ्याकडं दोन फुटी टायगर शोव्हलनोज कॅटफिश आहे, आठ फुटी टाकीत. घरी मटण-चिकन आणलं की त्यातले तुकडे आणि काळीज देतो, आवडीनं खातोय. बाकी दिवस जिवंत गोल्डफिश. बरोबर ना?

उत्तर : आवडीनं तर आपण पण तांबडा-पांढरा रोज खाऊ. मटणाची चरबी गार पाण्यात थिजते, पातेल्यात सकाळी वर आलेला थर बघितलाय ना, थंड रक्ताच्या माशाला ती पचवायला जड जाते आणि लिव्हरवर साठते. चिकनचं काळीज महिन्यातनं एखाद्या वेळेला ठीक, रतीब नको. गोल्डफिश तर पहिला बंद करा, एक तर दुकानातल्या स्वस्त टाकीतले रोग थेट तुमच्या टाकीत येतात, दुसरं म्हणजे त्यात थायमिनेज असतं, त्यानं बी-वन जीवनसत्त्व नष्ट होतं, रोज खाल्ल्यावर मासा भेलकांडायला लागतो. चिलापीचे काटे काढलेले तुकडे, गांडूळ, अधूनमधून कोळंबी, आणि मुख्य म्हणजे बुडणाऱ्या मोठ्या पेलेट्स, म्हणजे माशांच्या खाद्याच्या गोळ्या. पेलेटला सुरुवातीला तोंड लावणार नाही, चार-पाच दिवस उपाशी ठेवा, एवढ्या मोठ्या माशाला काही होत नाही, मग चिलापीच्या तुकड्यात पेलेट खोचून द्या. दोन फुटी माशाला आठवड्यातनं दोनदा पुरे. पाहुणे आले की दाखवायला म्हणून जास्तीचं घालू नका, हा आपल्या सगळ्यांचाच रोग आहे.

प्रश्न : पुन्हा कोल्हापूर, मंगळवार पेठ. तुम्ही सगळ्यांना नकोच म्हणताय. तीन फुटी टाकीत मिशावाला, जरा शिकारी वाटणारा एखादा तरी मासा चालेल का नाही?

उत्तर : चालतो की! पिक्टस कॅटफिश बघा, चंदेरी अंगावर काळे ठिपके, मिशा जवळपास शेपटीपर्यंत, तोही दक्षिण अमेरिकेचाच आणि वाढतो फक्त चार-पाच इंच. तीन-चार एकत्र ठेवा, तळाला बारीक वाळू, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे किंवा नारळाची करवंटी. दिवसभर लपतात असं वाटलं तर लाईट कमी करा, मग बाहेर येऊन नुसती धावपळ. सोबत मोठे बार्ब ठेवले तर निभतं. निऑन टेट्रा मात्र ठेवू नका, सकाळी मोजायला लागलात तर कमी भरतील.